टॅबलेटमधला धवला

कडावच्या माझ्या आत्याचा टॅबलेट या वर्षी माघ महिन्यात, तिच्या मुलीच्या हळदीच्या आधीच्या आठवड्यात, कर्जतमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कोरा झाला. तो पडला नव्हता, भिजला नव्हता. काच शाबूत होती, बॅटरी चांगली होती. त्यात आत्याने स्वतःच्या आवाजात म्हटलेला धवला होता. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

धवला म्हणजे आमच्या आगरी लग्नात बायका म्हणतात ती गाणी. हळद दळताना वेगळा, हळद लावताना वेगळा, नवरी मांडवात आणताना वेगळा. भटजी लग्न लावतो, पण हळद धवल्याशिवाय लागत नाही. तो म्हणणारी मुख्य बाई म्हणजे धवलारीण. ती ओळ म्हणते, मागच्या बायका झील धरतात, म्हणजे मागून साथीची ओळ उचलतात. ओळींमध्ये नवरा-नवरीचं, आईबापांचं, मामांचं नाव घ्यावं लागतं, म्हणून प्रत्येक लग्नात धवला नव्याने बांधावा लागतो. आत्याला तो तिच्या सासूकडून मिळाला होता. कडाव आणि आजूबाजूच्या गावांत माझ्या लहानपणापासून तीच धवलारीण होती. तिने तो कधी लिहून ठेवला नाही. सासूनेही ठेवला नव्हता.

आत्या मशेरी लावायची. काही वर्षांपूर्वी तिचा आवाज बसला. लग्नसराईत धवलारणीचा आवाज बसतोच, म्हणून घरात कोणी ते मनावर घेतलं नाही. सराई संपली, पाऊस आला, भाताची लावणी झाली, तरी आवाज बसलेलाच होता. मग मुंबईच्या इस्पितळात तपासणी झाली. स्वरयंत्रात गाठ निघाली. मी त्या वेळी मुंबईतल्या एका वर्तमानपत्रात होतो आणि कर्जतजवळच्या भिसेगावहून जाऊन-येऊन करत होतो, त्यामुळे इस्पितळाच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या.

डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल, असं सांगितलं. आत्याने दोन प्रश्न विचारले.

"जीव ऱ्हाईल का?"

"राहील. वेळेत आलात."

"आन् पोरीच्या लग्नात काय करू?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धवला म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "रेकॉर्ड करून ठेवा." त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. बाहेर बरेच रुग्ण बसले होते.

आत्याची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या लग्नाची बोलणीही सुरू नव्हती. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला टॅबलेट तिच्याकडे होता, आणि घरात आवाज साठवण्याजोगी तीच एक वस्तू होती. पण आत्या सहजासहजी तयार झाली नाही. तिची अडचण टॅबलेटची नव्हती.

"नवरा ठरला नाय, हळद दळली नाय, आन् घरात धवला? शेजारणींनी काय समजायचं?" ती म्हणाली. "अवेळी धवला झाला तर पोर घरातच ऱ्हाते."

"मग लगेच म्हण," मुलगी म्हणाली. "मला कुठं जायची घाई हाय?"

"गप गं. तुझ्या तोंडाला कुलूप नाय."

शेवटी आत्यानेच वाट काढली. धवला म्हणायचा, पण लग्न मानून म्हणायचा. तिने दुपारी दार लावून घेतलं, पाटावर तांदूळ आणि नारळ ठेवला, सुपारीला हळदीचं बोट लावलं आणि तिला नवरी मानलं. झील धरायला तिच्या नेहमीच्या दोघी आल्या. मुलीने मला टॅबलेट कसा धरायचा, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि ती बाहेर गेली, कारण नवरीने स्वतःचा धवला हळदीआधी ऐकायचा नाही, असं आत्याचं म्हणणं होतं. पंखा बंद केला. मी वही काढली तेव्हा आत्या म्हणाली, "लिवू नको रं. लिवलं की मानसं वाचत बसतात." मी वही खिशात ठेवली.

ती बसलेल्या आवाजातच म्हणाली. उंच ओळींवर आवाज फाटत होता, तिथे ती खोकून पाणी पीत होती आणि ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेत होती. मुलीचं नाव, स्वतःचं, नवऱ्याचं, दोन्ही भावांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं आणि काकांचं, अशी सगळी नावं तिने घेतली. नवरा मुलगा आणि त्याचे आईबाप ठरलेले नव्हते. त्यांची नावं येतात तिथे ती थांबत होती. एक नाव म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गप्प राहून ती पुढची ओळ उचलत होती. झील धरणाऱ्या दोघींना तिने सांगितलं, "या जागी नाव तुमी घालायचं. उशीर केला तर मी पुढं निघून जाईन. मी काय तुमच्यासाठी थांबायला नसनार." दोघी हसल्या. त्यातली एक नंतर डोळे पुसत होती.

रेकॉर्डिंग झाल्यावर आत्याने शब्द घेतला. हे कोणाच्या मोबाइलवर जाणार नाही. लग्न ठरून सुपारी फुटेपर्यंत कोणी वाजवणार नाही. बरोबर आलं आहे का, हे पाहायलाही नाही.

घरी येणारं प्रत्येक पोर टॅबलेट हातात घ्यायचं. म्हणून मुलीने एक ॲप आधीच शोधून ठेवलं होतं. त्यात केलेलं रेकॉर्डिंग ॲपच्या आतच, चार आकडी पिन घातल्याशिवाय उघडणार नाही असं राहायचं. त्या दिवशी धवला त्यातच साठवला गेला. आत्याला ते पसंत पडलं. टॅबलेट तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. मुलगी अधूनमधून चार्ज करायची आणि परत ठेवायची.

शस्त्रक्रिया झाली. आत्या वाचली. आता ती गळ्याच्या खालच्या छिद्रातून श्वास घेते आणि त्यावर पांढरा रुमाल बांधते. इस्पितळातून गळ्याला लावायचं बोलण्याचं यंत्र मिळालं होतं. तिने ते एकदा लावून पाहिलं, त्याच्या घरघरीला गोठ्यातल्या म्हशीने मान वळवून बघितलं, आणि तिने ते पिशवीत परत घातलं. ती ओठ हलवते. तिचे ओठ तिच्या मुलीला पूर्ण वाचता येतात, बाकीच्यांना थोडेफार. मुलगी आईचं बोलणं मोठ्याने सांगते. कधी कधी त्यात आपलंही घालते. मग आत्या तिच्या दंडावर चापट मारते, आणि काय जास्तीचं होतं ते सगळ्यांना कळतं.

मुलगी पुढे खोपोलीच्या एका कारखान्यात ऑफिसात लागली. मागच्या दिवाळीनंतर तिचं लग्न खालापूरकडच्या एका मुलाशी ठरलं. सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी आत्याने कपाटातून टॅबलेट काढला. झील धरणाऱ्या दोघींना बोलावलं, कारण नवऱ्याचं नाव कुठे घालायचं त्याचा सराव हवा होता. मीही गेलो.

टॅबलेट सुरू झाला. ॲपने पिन घेतला आणि पडद्यावर सूचना आली, की ही आवृत्ती आता चालत नाही, नवी घ्या. नवी घ्यायला गेल्यावर दुसरी सूचना आली, की ती या टॅबलेटवर चालणार नाही.

"म्हणजे काय?" झील धरणाऱ्या दोघींतल्या थोरलीने विचारलं.

"म्हणजे ॲप नवं झालं, टॅब जुना राहिला," मुलगी म्हणाली.

"मग जुनंच चालव की. आमाला काय नवं पायजे?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पण ॲप उघडताना दर वेळी आपल्या कंपनीला विचारत असे, आणि कंपनी जुन्याला नाही म्हणत होती. नेट बंद करून उघडलं तर ते उघडतच नव्हतं. मी टॅबलेट केबलने संगणकाला जोडून पाहिला. फोटो दिसले, मुलीच्या कॉलेजच्या नोट्स दिसल्या, रेकॉर्डिंग दिसलं नाही. ते ॲपने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या किल्लीने बंद केलेलं होतं. ॲप बनवणारी कंपनी परदेशातली होती. तिला आम्ही ईमेल केले. उत्तर आलं नाही.

राहता राहिला टॅबलेट. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम नवी झाली असती तर नवं ॲप त्यावर बसलं असतं आणि त्याने जुनं रेकॉर्डिंग उघडलं असतं. मी टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. या मॉडेलचे अपडेट बंद झाले आहेत, असं सांगण्यात आलं. मी विचारलं, कंपनी देत नसेल तर आम्ही दुसरीकडून नवी सिस्टीम मिळवून बसवू शकतो का. या उपकरणाला ती परवानगी नाही, असं उत्तर मिळालं. मी विचारलं, उपकरण आमच्या मालकीचं आहे ना. पलीकडच्या माणसाने, आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

अडवणूक कुठे होती ते मी नंतर समजून घेतलं. टॅबलेट चालू केला की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. पुढे येणाऱ्या सिस्टीमवर कंपनीची मोहोर आहे का, हे तो तपासतो. नसेल तर पुढे जाऊ देत नाही. हे कुलूप काढायचा कोड ही कंपनी एके काळी आपल्या वेबसाइटवर मागणाऱ्याला देत होती. आता ते पान उघडलं की नव्या टॅबलेटांची जाहिरात दिसत होती. आणि कोड मिळाला असता तरी कुलूप उघडताक्षणी आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. चोराने टॅबलेट नेला आणि कुलूप काढलं, तर मालकाची माहिती त्याच्या हाती लागू नये, हे त्यामागचं कारण आहे. कारण खरं आहे. आत्याचा टॅबलेट आत्याच्या घरात होता, पिन मुलीला पाठ होता, खरेदीचं बिलही सापडलं होतं. हे कुलपाला सांगण्याची सोय नव्हती.

आम्ही तिघं पनवेलच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या तरुणीने टॅबलेट चालू-बंद करून पाहिला.

"रीसेट करून देऊ?"

"रीसेट केल्यावर आतलं राहतं का?" मुलीने विचारलं.

"नाही मॅडम. आतलं जातं. पण टॅब एकदम फ्रेश होतो."

आत्याने ओठ हलवले. मुलीने ते बोलणं सांगितलं नाही. तरुणीने माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणतायत?"

"काही नाही," मुलगी म्हणाली.

परतताना गाडीत मी विचारलं, आत्या काय म्हणाली. मुलगी म्हणाली, "फ्रेश व्हायला टॅब काय कामावरून आलेला नवरा हाय का, असं म्हणाली." आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिने चापट मारली नाही.

पौष संपत आला तेव्हा मुलीच्या ऑफिसातल्या कोणीतरी कर्जतच्या एका दुकानाचं नाव सुचवलं. बाजारपेठेत, मोबाइल दुरुस्तीचं. दुकानदाराचे वडील पूर्वी मांडवाला लाइट आणि लाउडस्पीकर लावायचे. दुकानदार स्वतः लहानपणी त्यांच्याबरोबर आत्याच्या धवल्याच्या हळदींना आलेला होता. त्याने तिला पाहताच ओळखलं.

"आत्या, तुमीच ना? आमच्या अब्बांचा भोंगा बंद करायला लावायच्या. म्हणायच्या, माझ्यापुढं तुझं हे काय ओरडतंय." मग त्याला तिच्या गळ्याचा रुमाल दिसला. त्याने स्टूल पुढे केलं.

त्याने टॅबलेट ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी आम्हाला बोलावलं. तो जे बोलला ते मी इथे जसंच्या तसं देत आहे, कारण नंतर घरच्या काही जणांनी त्याच्यावर ठपका ठेवला.

"हे बघा," तो म्हणाला. "सरळ मार्गानं कुलूप काढलं तर डेटा जातो. त्यात शंका नाय. कंपनीनं तसंच बनवलंय. पन या टॅबमधी जी चिप हाय, तिच्यात एक जुनी फट हाय. त्या फटीतनं आत गेलं तर कुलूप उघडतं आन् पुसायचा हुकूम सुटत नाय. मग वरून नवी सिस्टीम बसवायची. आमच्या दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर काही जनांचं झालंय. काही जनांचं नाय झालं. ज्यांचं नाय झालं त्यांचा टॅब कोरा झाला. मी हे मॉडेल कधी केलं नाय. उद्या तुमी माझ्या दारात येऊन रडाल, म्हनून आजच सांगतो."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय? माझ्या आईचा आवाज असता तर मी हात लावला नसता. पन माझ्या आईचा असता तर मी त्याची शंभर ठिकानी कॉपी मारून ठेवली असती. तुमी एक बी नाय मारली."

मुलगी म्हणाली, "मारायची नव्हती."

"का?"

ती आईकडे बघत राहिली. दुकानात चार्जर घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक ऐकत उभं होतं. दुकानदाराने त्याला आधी मोकळं केलं.

आम्ही टॅबलेट घेऊन कडावला परत गेलो. ओटीवर बसून बोलणं झालं. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. टॅबलेट आहे तसा ठेवावा. रेकॉर्डिंग आत आहे, ते कुठे गेलेलं नाही. आज उघडत नाही, पण वर्षाने, पाच वर्षांनी उघडू शकेल. ॲपवाली कंपनी उत्तर देईल, नाहीतर एखादा जाणकार भेटेल. पुसलं गेलेलं मात्र कोणीही परत आणू शकणार नाही. हळदीपुरती दुसरी व्यवस्था करता येईल. आत्याचा आवाज राहिला पाहिजे.

आत्या ऐकत होती. माझं संपल्यावर ती बोलू लागली आणि मुलगी सांगू लागली.

"आई म्हणते, पाच वर्षांनी कोणाची हळद हाय?"

मी म्हटलं, हळदीचा प्रश्न नाही. आवाज जपण्याचा आहे.

"आई म्हणते, तो पोरीच्या लग्नाचा धवला हाय. लग्न झाल्यावर तो कोणाला म्हणायचा? भांडी घासताना लावायचा?"

"निदान तुला तिचा आवाज ऐकता येईल," मी मुलीला म्हटलं. "पुढे कधीतरी."

यावर आत्याचे ओठ हलले. तिने मुलीच्या गुडघ्यावर हात आपटला, म्हणजे सांग. मग ती म्हणाली, "आई म्हणते, मेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात तसा ठेवायला मी तो म्हटला नव्हता. हळदीत वाजायचा म्हणून म्हटला. वाजला तर हळदीत वाजेल. नाय वाजला तर नाय." पुढे ती म्हणाली, "आणि आई म्हणते, तू इतकी वर्षं पेपरात होतास, तुझं त्या कंपनीनं ऐकलं नाय. आता आणखी कोणाची वाट बघायची?"

"हे शेवटचं तुझं की तिचं?"

"तिचंच," मुलगी म्हणाली. आत्याने मान हलवली.

मी मुलीला वेगळं विचारलं, तुझी स्वतःची इच्छा काय आहे. ती म्हणाली, "मी तो एकदाही ऐकलेला नाय. तू ऐकलास, त्या दोघींनी ऐकला. मला तो हळदीच्या पाटावर ऐकायचाय. नंतर हेडफोन लावून ऐकण्यात मला काय मिळणार?"

दोघींचं एकमत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कर्जतला गेलो. दुकानदाराने आत्याला समोर बसवून तेच सगळं परत सांगितलं आणि विचारलं, "करू का?" आत्याने ओठ हलवले. तो शब्द मलाही वाचता आला. मुलीला सांगावा लागला नाही.

काम दुपारी सुरू झालं. त्याने मागचं झाकण काढलं, आतल्या दोन बिंदूंना चिमटा टेकवला, केबल लावली. संगणकावर ओळी सरकत होत्या. कुलूप उघडल्याची ओळ आली. तो म्हणाला, "उघडलं. पुसलं नाय अजून." त्याने नवी सिस्टीम चढवायला घेतली. ती चढली. त्याने झाकण बसवलं आणि टॅबलेट चालू केला. बराच वेळ नुसती गोल फिरणारी खूण होती. त्याने घाम पुसला. मग पडदा उजळला आणि त्यावर पहिला प्रश्न आला: भाषा निवडा.

नव्या टॅबलेटवर पहिल्यांदा येतो तोच हा प्रश्न. दुकानदाराने पुढची पानं झरझर ओलांडली, साठवणुकीचं पान उघडलं आणि टॅबलेट माझ्याकडे फिरवला. जागा जवळजवळ पूर्ण रिकामी होती. आतला मजकूर ज्या किल्लीने बंद केलेला होता, ती किल्ली कुलपाबरोबरच बाद झाली, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याने संध्याकाळपर्यंत आणखी प्रयत्न केले. पुसलेलं परत काढण्याची साधनं लावली. जे निघालं त्याला अर्थ नव्हता.

"आत्या," तो म्हणाला, "माझ्याकडनं झालं नाय."

आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मुलीकडे बघून काही म्हणाली. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, हळदीला या." तो आला नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत.

हळद ठरल्या दिवशी झाली. मांडव अंगणात होता. मुलगी पाटावर बसली. झील धरणाऱ्या दोघी नेहमीच्या जागी, आत्या त्यांच्या पुढे. आदल्या दिवसांत दोघींनी आठवून आठवून काही जमवायचा प्रयत्न केला होता. इतकी वर्षं त्या धवल्यात होत्या, पण त्यांनी कायम झीलच धरली होती. मूळ ओळ कानावर पडली की त्यांची ओळ आपसूक यायची. मूळ ओळीशिवाय त्यांना पुढची आठवत नव्हती. एका नातेवाइकाने मोबाइलवर कुठला तरी धवला शोधून मोठ्या स्पीकरवर लावतो म्हटलं. त्यात दुसऱ्याच नवरीचं नाव होतं. आत्याने हात करून नको म्हटलं.

मग तिने स्वतःच सुरुवात केली. टाळी धरली आणि ओठ हलवू लागली. गळ्यावरचा रुमाल आत-बाहेर होत होता. ओळ संपली की ती हात वर करायची, आणि त्या खुणेवर दोघी झील म्हणायच्या. असं काही ओळी चाललं. नंतर दोघींची झील चुकू लागली, कारण कुठली ओळ चालली आहे ते त्यांना कळेना. एकीने दुसऱ्याच ओळीची झील धरली. कोणीतरी मागे हसलं.

त्या अंगणात आत्याचे ओठ पूर्ण वाचता येणारं एकच माणूस होतं, आणि ते पाटावर बसलेलं होतं. मुलीने मान वर केली, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि ती ओळ मोठ्याने म्हणू लागली. तिला चाल येत नव्हती. ती बोलावं तसं म्हणत होती, रोज आईचं बोलणं सांगायची तसंच. दोघींना ओळ सापडली. त्यांनी झील धरली. मुलगी पुढची ओळ सांगायला लागली.

आत्या पुढे झाली आणि हळदीने भरलेला हात तिने मुलीच्या तोंडावर ठेवला. नवरी स्वतःचा धवला म्हणत नाही. मुलीने हात बाजूला करायचा प्रयत्न केला. आत्याने तो काढला नाही. मग मुलीने मान खाली घातली आणि आत्याने हात काढला.

बाकीची हळद धवल्याशिवाय लागली. एकेक बाई पुढे आली, लावून गेली. शेवटी बँडवाल्यांना वाजवायला सांगितलं.

लग्न दुसऱ्या दिवशी खालापूरकडे मुलाच्या दारी लागलं. तिथे त्यांची धवलारीण होती. चाल वेगळी होती. तिने नवरीच्या आईचं नाव विचारलं तेव्हा मुलगी आत तयार होत होती, म्हणून ते मी सांगितलं. तिने ते धवल्यात घेतलं. आत्या पुढच्या रांगेत बसली होती.

टॅबलेट आता नव्या सिस्टीमवर चांगला चालतो. तो मुलीने सासरी नेला नाही. ॲपवाल्या कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. टॅबलेटच्या कंपनीने आमची तक्रार निकाली निघाल्याचं कळवलं आहे.

चैत्रापर्यंत कडावात आणखी दोन लग्नं झाली. दोन्हीकडे धवल्याला बाहेरगावची बाई आणली. झील तिने बरोबर आणलेल्या बायकांनी धरली. आत्या दोन्ही हळदींना गेली, हळद लावली, जेवली आणि घरी आली.